बाबांचा हट्ट आणि दोन उशा

एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची ओळख पटेल असं सगळं गाळून मजकूर थोडक्यात देते.

ताईंचे वडील ६६ वर्षांचे आहेत. सगळी नोकरी कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कापून घडवणाऱ्या यंत्रावर गेली, आता घरीच असतात. मधुमेह आहे. आठ वर्षांपूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेला, तेव्हा एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी, बसवला होता. गेल्या काही महिन्यांपासून जिना चढताना दम लागतो आणि रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर पंपिंग, म्हणजे हृदय एका ठोक्याला आपल्यातलं किती रक्त बाहेर टाकतं ते, ३० टक्के निघालं. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांमध्ये ब्लॉकेज सापडले. डॉक्टरांचं म्हणणं असं, की बायपासचं ठरवण्याआधी हृदयाचा एमआरआय करू आणि स्नायू किती जिवंत आहे ते बघू. बाबा ऐकायलाच तयार नाहीत. वर्षभरापूर्वी कंबरेचा एमआरआय करायला गेले होते, तेव्हा मशीनमधून अर्ध्यात बाहेर आले. "त्या नळीत माझा जीव घुसमटतो," एवढंच म्हणतात. दादाचं मत वेगळं: अँजिओग्राफी झाली, सगळं दिसलं, आता आणखी काय बघायचं? फार तर सीटी करू, पाच मिनिटांत होतो. ताईंच्या मनात स्टेंटची धास्ती आहे, चुंबकाने तो ओढला गेला तर? आणि एक गोष्ट त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिली आहे. पंपिंग कमी झालंय हे बाबांना कुणीच सांगितलेलं नाही. "थोडी सूज आहे, तेवढी तपासायची आहे," असं सांगून वेळ निभावली आहे. ताई विचारतात: बाबांना कसं तयार करू? झोपेचं औषध देऊन, त्यांना फार काही न सांगता हे उरकता येईल का? की दादाचं ऐकून सोडून देऊ?

ताई,

हृदयाचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मी तुमच्या प्रश्नांपेक्षा तुम्ही ओघात लिहून गेलेल्या दोन गोष्टींवर जास्त वेळ थांबले. एक म्हणजे दोन उशा, आणि दुसरी लेथ.

आधी उशांबद्दल. हृदय अशक्त झालं की माणसाला सपाट आडवं झोपवत नाही. आडवं झालं की पायांत साचलेलं रक्त छातीकडे परत येतं. धडधाकट हृदय ते पुढे ढकलतं. थकलेल्या हृदयाला ते जमत नाही, आणि त्याचा ताण मागे फुफ्फुसांवर येतो. मग उशी उंच करावी लागते, काहींना रात्री उठून बसावं लागतं. हृदयाचे डॉक्टर पेशंटला "उशा किती लागतात?" असं विचारतात ते याचसाठी. एक, दोन, तीन असा तो आकडाच आजाराचं माप सांगतो.

आता बाबांना एमआरआयच्या टेबलावर ठेवून बघा. डोक्याखाली एक पातळशी उशी. पाऊण ते एक तास सपाट पडून राहायचं. छातीवर कॉइल नावाचं जाडसर आवरण बांधलेलं. त्यात दर मिनिट-दोन मिनिटांनी सूचना येणार: श्वास घ्या, सोडा, आता रोखून धरा. ज्याच्या फुफ्फुसांत आधीच पाणी धरू लागलंय त्याला त्या टेबलावर खरोखरच घुसमटेल. तुम्ही घरातले सगळे त्याला हट्ट म्हणताय, भीती म्हणताय. मला वाटतं बाबा कदाचित अगदी शब्दशः खरं सांगत असतील.

कदाचित म्हणते, कारण बंद जागेची भीतीही खरी असते आणि ती बऱ्याच जणांना असते. दोन्हींवरचे उपाय मात्र वेगळे आहेत, म्हणून आधी कोणती गोष्ट आहे ते शोधू या. बाबांना शांतपणे एकच विचारा: "कंबरेच्या एमआरआयला नेमकं कधी घुसमटायला लागलं? टेबलावर आडवं केल्यावर लगेच, की टेबल आत सरकल्यावर?" आत सरकल्यावर असेल तर भीती. नुसतं आडवं केल्यावरच असेल, तर वर्षभरापूर्वीपासून त्यांचं हृदय काहीतरी सांगत होतं आणि आपण ते कंबरेच्या खात्यात टाकलं. ताई, यात तुमची चूक नाही. पण हे उत्तर काहीही येवो, दोन उशांची गोष्ट उद्याच्या उद्या डॉक्टरांच्या कानावर घाला. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोस बसवला की बहुतेकांचा दम उतरतो आणि काही दिवसांत सपाट झोपता यायला लागतं. एमआरआय त्यानंतर करावा. हा दम मात्र एमआरआय होवो न होवो, आत्ताच उपचार मागतो आहे. रात्री एकदम उठून बसावं लागलं, खोकताना फेस आला, पायांवर सूज चढली किंवा छातीत दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

आता लेथ. तुम्हाला काळजी स्टेंटची वाटते आणि ती अगदी स्वाभाविक आहे. धातू आणि चुंबक म्हटलं की डोळ्यांसमोर तेच येतं. पण हृदयाचे स्टेंट ज्या धातूंचे असतात त्यांना हे चुंबक जागचं हलवू शकत नाही. आठ वर्षांचा स्टेंट तर रक्तवाहिनीच्या भिंतीत पूर्ण रुजलेला आहे. दीड आणि तीन टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) या नेहमीच्या मशीनमध्ये स्टेंट असलेले पेशंट रोज तपासले जातात, अगदी नुकताच बसवलेला असला तरी. बायपासनंतर छातीच्या हाडात राहणाऱ्या तारा आणि कृत्रिम झडपा यांनीही सहसा अडत नाही. स्टेंटचं कार्ड सापडलं तर सोबत न्या, त्यांचं काम सोपं होईल.

मला खटकलं ते दुसरंच. लेथवर, ग्राइंडरवर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कधी तरी लोखंडाचा बारीक कण उडालेला असतो. तेव्हा डोळा चोळला, पाणी मारलं, दोन दिवसांनी बरं वाटलं आणि विषय संपला. पण तो कण आत राहिला असेल तर एमआरआयच्या चुंबकात तो सरकू शकतो आणि दृष्टीला इजा होऊ शकते. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट ताकदीचं असतं, आणि ते तपासणीपुरतं चालू होत नाही, दिवसरात्र चालूच असतं. तेव्हा फॉर्म भरताना "डोळ्यात कधी धातू गेला होता का?" या प्रश्नावर घाईने "नाही" लिहू नका. बाबांना विचारून लिहा. त्यांना आठवत असेल, किंवा नक्की सांगता येत नसेल, तर तिथल्या लोकांना तसं सांगा. डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून खात्री करता येते. गेल्या वर्षी कंबरेच्या वेळी हे विचारलं गेलं असेलही, तरी पुन्हा सांगायचं.

याच ओघात बाकीचंही सांगते, म्हणजे इतर वाचकांनाही उपयोग होईल. पेसमेकर किंवा हृदयाचा ताल बिघडला तर झटका देणारं यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं, त्या दिवशी दारात नव्हे. पेसमेकर म्हणजे एमआरआय कायमचा बंद, ही समजूत जुनी झाली. आता एमआरआयमध्ये ठरावीक अटींवर चालणारे पेसमेकर मिळतात, फक्त आधी आणि नंतर त्यांचं सेटिंग बघावं लागतं. मधुमेहींच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो, काहींना इन्सुलिन पंप असतो. त्वचेवर चिकटवायच्या औषधाच्या काही पट्ट्यांना मागे धातूचा पातळ पदर असतो आणि त्याने त्वचा भाजू शकते. हे सगळं आधी बोलून घ्यायचं.

आता दादाकडे वळू. दादाचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनातला प्रश्न वेगळा आहे आणि डॉक्टरांचा वेगळा. दादाला वाटतं हृदयाचा आजार म्हणजे ब्लॉकेज, आणि ब्लॉकेज दिसले म्हणजे सगळं दिसलं. ब्लॉकेजपुरतं ते खरंच आहे. त्यासाठी अँजिओग्राफीपुढे एमआरआय कमीच पडतो, आणि सीटीनेही बाबांच्या बाबतीत नवं काही हाती लागणार नाही. पण अँजिओग्राफी म्हणजे पाटाचं पाणी कुठे अडलंय ते बघणं. पाट मोकळा करायचा खर्च आणि धोका पत्करण्याआधी शेताकडेही एकदा बघावं लागतं. पीक पाण्यावाचून नुसतं मलूल झालंय, की मुळापासून वाळून गेलंय?

हृदयाच्या स्नायूचं अगदी असंच होतं. ॲटॅकमध्ये काही भाग मरतो, तिथे व्रण तयार होतो आणि तो पुन्हा कधी आकुंचन पावत नाही. काही भाग मात्र जिवंत असतो. रक्त कमी मिळतंय म्हणून त्याने काम आवरतं घेतलेलं असतं, एका परीने तो झोपून राहिलेला असतो. इकोमध्ये दोन्ही भाग सारखेच दिसतात, कारण दोन्ही हलत नाहीत. बाबांच्या ३० टक्क्यांत मेलेलं किती आणि झोपलेलं किती, हे तो आकडा सांगत नाही.

एमआरआय हा फरक कसा दाखवतो ते सांगते. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देतात. ते जिवंत पेशींच्या आत शिरू शकत नाही. निरोगी स्नायूत पेशी एकमेकींना खेटून असतात, मध्ये जागाच नसते, म्हणून तिथून ते लवकर निघून जातं. व्रणामध्ये पेशी मेलेल्या असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत ते रेंगाळतं. दहा ते वीस मिनिटं थांबून चित्रं काढली की माझ्या स्क्रीनवर हृदयाचा आडवा काप बांगडीसारखा गोल दिसतो. जिवंत स्नायू काळाभोर. आणि जिथे व्रण आहे तिथे त्या काळ्या बांगडीच्या आतल्या कडेने खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. ॲटॅकचा व्रण नेहमी आतल्या बाजूने सुरू होतो, कारण रक्तवाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावर असतात आणि आतला थर त्यांच्यापासून सगळ्यात लांब पडतो. रक्त जितका वेळ अडून राहील तितका तो व्रण आतून बाहेर पसरत जातो. पांढरी रेघ बारीक आहे की जवळपास पूर्ण जाडी व्यापतेय, हे आम्ही एकेका भागात मोजतो. रेघ बाहेरच्या कडेला किंवा मधोमध असेल, तर हा ॲटॅकचा व्रण नसून स्नायूला आलेली सूज किंवा दुसराच एखादा आजार असावा अशी शंका येते. हे सगळं एकही एक्स-रे न वापरता कळतं. या कामाला लागून मला बरीच वर्षं झाली, तरी पहिलं चित्र उमटताना मी अजून खुर्चीत पुढे सरकते.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या मोजमापाला वजन आलं. रक्तपुरवठा सुरळीत करण्याआधी पेशंटचे असे एमआरआय केले आणि नंतर हृदयाचे कोणते भाग पुन्हा हलू लागले ते पाहिलं. ज्या भागांत व्रण अजिबात नव्हता त्या ३२९ पैकी २५६ भाग सुधारले. ज्या भागांत भिंतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त जाडी व्रणाने खाल्ली होती त्या ५८ भागांपैकी फक्त एक. तुमच्या डॉक्टरांच्या "स्नायू किती जिवंत आहे ते बघू" या वाक्यामागे हे आहे.

पण इथेच थांबले तर मी तुम्हाला अर्धं सांगितल्यासारखं होईल. एखादा भाग पुन्हा हलू लागणं ही एक गोष्ट आणि माणूस जास्त जगणं ही दुसरी. बाबांसारख्या, म्हणजे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १२१२ पेशंटवर स्टिच नावाचा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना औषधं, निम्म्यांना औषधं अधिक बायपास. २०१६ मध्ये दहा वर्षांचे निकाल आले: नुसत्या औषधांच्या गटात ६६ टक्के पेशंट दगावले होते, बायपासच्या गटात ५९ टक्के. म्हणजे बायपासचा फायदा झाला, पण तो दिसायला बरीच वर्षं लागली. मात्र ज्यांचा स्नायू जिवंत होता त्यांनाच बायपासचा जास्त उपयोग झाला, असं त्यात सिद्ध झालं नाही. त्या अभ्यासात जिवंतपणा एमआरआयने नव्हे तर दुसऱ्या तपासण्यांनी मोजला होता, हेही खरं. पुढे २०२२ मध्ये रिव्हाइव्ह्ड नावाचा ७०० पेशंटचा अभ्यास आला. त्यात पंपिंग कमी पण स्नायू जिवंत अशाच पेशंटना घेतलं होतं. एका गटाला नुसती औषधं, दुसऱ्याला औषधांच्या जोडीला स्टेंट. तरी साधारण साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हृदय अशक्त झाल्याने ॲडमिट होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. रिपोर्टमध्ये "जिवंत" आलं म्हणजे ऑपरेशन करायचं आणि "मृत" आलं म्हणजे आशा सोडायची, असा तो निकाल नसतो, एवढंच. वय, मधुमेह, किडनी, रक्तवाहिन्या जोडण्यालायक आहेत का, माणसाची उभारी किती, हे सगळं एका पारड्यात पडतं आणि त्यातलं एक वजन एमआरआयचं. बाबांच्या बाबतीत ते वजन मला चांगलंच मोठं वाटतं, आणि त्याला स्नायूच्या जिवंतपणाखेरीज आणखी दोन कारणं आहेत. अशक्त हृदयाच्या कप्प्यात कधी कधी रक्ताची गुठळी बसलेली असते. इकोत ती निसटू शकते, एमआरआयमध्ये बहुधा सापडते. सापडली तर रक्त पातळ करण्याचं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर अर्धांगवायूचा धोका. आणि दुसरं, योग्य औषधं निदान तीन महिने घेऊनही पंपिंग ३५ च्या वर आलं नाही, तर झटका देणारं यंत्र बसवण्याचा विचार निघतो. यंत्र छातीत बसल्यानंतर एमआरआय झाला तरी चित्रात त्याची काळी सावली पडते. चित्रं चांगली हवी असतील तर ती यंत्राआधी काढलेली बरी.

म्हणून तुम्ही आणि दादा, दोघं मिळून डॉक्टरांकडे जा आणि हे विचारा: "रिपोर्ट चांगला आला तर तुम्ही काय कराल आणि वाईट आला तर काय?" दोन्ही वेळचं उत्तर वेगळं असेल तर तपासणी करायलाच हवी. दोन्हीकडे उत्तर एकच येत असेल, तर दादाचा प्रश्न रास्त ठरतो आणि घाई करायचं कारण उरत नाही. कुठलीही मोठी तपासणी सुचवली गेली की हाच प्रश्न विचारावा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आता झोपेच्या औषधाबद्दल. ताई, हे करू नका. घरून गोळी देऊन तर मुळीच नको. ज्याला आडवं पडलं की दम लागतो त्याला गुंगीत सपाट झोपवणं धोक्याचं आहे. आणि या तपासणीत बाबांची मदत लागते. हृदय धडधडतं, फुफ्फुसं वरखाली होतात, आणि आम्हाला चित्र तर स्थिर हवं असतं. धडधडीचा ताल आम्ही छातीवर लावलेल्या ईसीजीच्या तारांवरून पकडतो. श्वास मात्र पेशंटनेच रोखून धरायचा असतो, दर वेळी दहा-पंधरा सेकंद, आणि असं कित्येक वेळा. गुंगीतला माणूस ते करू शकत नाही. भीती फारच असेल तर डॉक्टरांनी ठरवलेलं, बाबांना सांगून दिलेलं हलकं औषध चालतं.

आणि त्यामुळे आपण त्या शेवटच्या गोष्टीशी येतो. बाबांना काही माहीत नाही.

तुम्ही ते प्रेमापोटी केलंत हे मला दिसतं. पण त्यांच्या बाजूने बघा. "थोडी सूज" तपासायला कुणी तासभर त्या नळीत का पडेल? त्यांना जेवढं सांगितलंय तेवढ्यावरून त्यांचा नकार अगदी बरोबर आहे. जन्मभर मशीनवर काम केलेला माणूस आहे. पंप म्हणजे काय, प्रेशर का पडतं, कुठला पार्ट बदलायचा आणि कुठला दुरुस्त होतो, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोला. आणि दम स्वतः त्यांनाच लागतोय, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलेलं नसेल असं मला वाटत नाही. घरात सगळे कुजबुजतात आणि आपण खोलीत गेलो की गप्प होतात, हेही त्यांनी पाहिलेलं असणार.

३० टक्के हा आकडा मात्र नीट समजावून सांगा, नाहीतर "म्हणजे ७० टक्के हृदय गेलं" असं ते धरून बसतील. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आपल्यातलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. बाबांचं ३० टाकतंय. कमी आहे, पण त्याची तुलना शंभराशी नाही, या ५५ ते ७० शी करायची. आणि हा आकडा औषधांनी वर येऊ शकतो. हृदय अशक्त झाल्यावर आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात. त्यांनी आयुष्य वाढतं, आणि काहींचं पंपिंगही लक्षात येण्याइतकं सुधारतं. तेही त्यांना सांगा. तुमच्याने बोलवत नसेल तर डॉक्टरांना विनंती करा की पुढच्या भेटीत तुम्ही बाबांशी थेट बोला, आम्ही शेजारी बसतो. हे कळल्यावरही बाबा नाही म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय. तेव्हा पेट स्कॅन, थॅलियम स्कॅन किंवा औषध देऊन केलेला स्ट्रेस इको असे स्नायूचा जिवंतपणा बघण्याचे दुसरे मार्ग आहेत. थोडं कमी कळेल, पण काहीच न कळण्यापेक्षा बरं.

तयार झाले, तर सराव घरीच सुरू करता येईल. खुर्चीत बसून श्वास हलकेच बाहेर सोडायचा आणि थांबायचं. पाच सेकंद, मग आठ, मग दहा. दम लागला की सोडून द्यायचं, जोर करायचा नाही. पूर्ण वेळ जमत नसेल तर टेक्निशियनला आधी सांगा, कमी वेळ श्वास धरून भागेल अशा पद्धतीही असतात. अपॉइंटमेंट घेताना रुंद नळीचं मशीन आहे का ते विचारा. नेहमीची नळी ६० सेंटिमीटरची असते, रुंद ७० ची. दहा सेंटिमीटर ऐकायला किरकोळ, पण नाकासमोर ते फार असतात. नळी दोन्ही टोकांना उघडी असते, आत दिवा असतो, वारा येत राहतो. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की लगेच बाहेर काढतात. तो फुगा बाबांना टेबल आत सरकण्याआधी एकदा दाबून बघू द्या. आपण दाबला आणि समोरचा माणूस खरोखर आला, हे एकदा पाहिलं की निम्मी भीती जाते. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल बाहेर असतानाच ठेवायचा, आत गेल्यावर नव्हे. आवाज मोठा असतो, ठकठक, घरघर, मध्येच भोंग्यासारखा. कानांना बोळे किंवा हेडफोन देतात. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवाज कदाचित ओळखीचा वाटेल.

बऱ्याच ठिकाणी तुमचीही धातूची तपासणी करून तुम्हाला खोलीत थांबू देतात. आमच्याकडे एक आजोबा आले होते, दोनदा परत गेलेले. तिसऱ्या वेळी त्यांची नात पायाशी उभी राहिली आणि पूर्ण वेळ तिने त्यांचा घोटा धरून ठेवला. बाहेर आल्यावर आजोबा मला म्हणाले, "एकूण बेचाळीस वेळा श्वास धरला, मोजलेत मी." मी यादी काढून पाहिली. त्यांचा आकडा बरोबर होता.

किडनीचं राहिलं. बाबांना मधुमेह आहे, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. गॅडोलिनियम म्हणजे अँजिओग्राफीतलं आयोडीनचं औषध नव्हे, त्याची ॲलर्जी असली तरी हे सहसा चालतं. २००६ च्या सुमारास असं लक्षात आलं की किडनी फार कमजोर असलेल्यांना जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे त्वचा कडक होण्याचा एक गंभीर आजार होऊ शकतो. तेव्हापासून सुरक्षित प्रकार वापरतात आणि तो आजार फार दुर्मीळ झाला आहे. तरी किडनीचं गाळण्याचं प्रमाण (रिपोर्टमध्ये ईजीएफआर) ३० च्या खाली असेल तर डॉक्टर आणि रेडिऑलॉजिस्टने बोलून ठरवावं. या औषधाचा अगदी थोडा अंश शरीरात राहतो. त्याने अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण म्हणूनच गरज असेल तेव्हाच ते द्यायचं असतं. चहा-कॉफी बंद ठेवायला सांगितलं तर समजा की औषधाने हृदयावर ताण आणून बघण्याची, म्हणजे स्ट्रेसची तपासणीही करणार आहेत. नुसता व्रण बघायचा असेल तर ते पथ्य लागत नाही. तपासणीच्या दिवशी साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधी विचारून ठेवा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पत्रात एका कोपऱ्यात तुम्ही विचारलंय, की मीही एकदा हृदयाचा एमआरआय करून घेऊ का. तुम्हाला त्रास काही नाही, तर नको. ब्लड प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल तपासा, त्यातून तुमच्या बाबतीत जास्त कळेल.

आणि रिपोर्ट हातात आला की तो फोनवर उघडून एकट्याने शब्द शोधत बसू नका. त्यात सतरा भागांची यादी असेल, टक्केवारी असेल, इंग्रजीतले जड शब्द असतील, आणि त्यातला सगळ्यात वाईट शब्द तेवढा मनात राहील. डॉक्टरांना चित्रंच दाखवायला सांगा. ती काळी बांगडी आणि त्यातली पांढरी रेघ बाबांना बघू द्या. रेघ किती जाड आहे आणि काळा भाग किती उरलाय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

उद्या फोन कराल तेव्हा सुरुवात मात्र उशांपासून करा.